कामाला की मिरवायला?

मल्लेश्वरमच्या आमच्या घरी गेल्या चैत्रात घडलेला हा प्रसंग. धाकटी सून कचेरीस निघाली होती. माझ्या थोरल्या भगिनीने तिला दिलेली जुनी इरकली साडी ती नेसली होती. मात्र पोलक्याच्या जागी पांढरा, पुऱ्या बाह्यांचा सदरा होता, निऱ्या घोट्याच्या किंचित वर होत्या आणि पायांत कापडी बूट होते. केस नीट बांधलेले, कानांत मोत्यांच्या कुड्या. भगिनीने तिला आपादमस्तक न्याहाळले आणि विचारले, ‘‘काय गं, कामाला निघालीस की मिरवायला?’’ सून हसली. ‘‘दोन्हीला, आत्याबाई,’’ असे म्हणून ती संपिगे रस्त्यावरील मेट्रोच्या स्थानकाकडे चालती झाली. ती गेली, पण प्रश्न मात्र घरातच राहिला.

काम आणि मिरवणे ही परस्परविरुद्ध आहेत, हे आपण कधी तपासून पाहिले आहे काय? आपल्या भाषेत ‘टापटीप’ हा गुण आहे आणि ‘नटवेपणा’ हा दोष आहे. परंतु पहिल्याची हद्द कोठे संपते व दुसऱ्याची कोठे लागते, हे पाहणाऱ्याच्या लहरीवर सोडलेले आहे. पुरुषाच्या बाबतीत ‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ असे कौतुकाने म्हणणारे आपण स्त्रीच्या बाबतीत एकाएकी संन्यासमार्गी होतो. उलट, ‘हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न’ असे म्हणून मोकळे होणारेही प्रश्न सोडवीत नाहीत. वस्त्र चार लोकांत वावरण्यासाठी असते. जे चार लोकांसाठी आहे त्यात नीतीचा काही अंश असावयाचाच.

या बाबतीत मराठी भाषेने केलेला एक भेद मला मार्मिक वाटतो. सदरा आपण ‘घालतो’, शाल ‘पांघरतो’, पण साडी ‘नेसतो’. सदरा शिंप्याच्या हातून पुरा होऊन येतो. साडी मागावरून उतरली तरी अपुरीच असते; ती नेसणारीच्या हातून रोज सकाळी पुरी होते आणि रात्री पुन्हा नुसते कापड होते. दारापुढच्या रांगोळीसारखेच हे आहे. दुपारपर्यंत पुसणार हे ठाऊक असूनही गृहिणी ती रेखाटते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यामुळे आपण या दारी आदराने पाहिले जात आहोत असे वाटते. नीटनेटके नेसणे हे मुळात अशा जातीचे सौजन्य आहे.

परंतु सौजन्य आणि ताबेदारी यांत अंतर थोडे असते. ते कसे ओळखावे? बदलीच्या नोकरीत आयुष्य गेलेल्या आपल्यासारख्यांना जवळचे वाटेल असे एक उदाहरण देतो. सत्येंद्रनाथ ठाकूर हे सनदी सेवेत निवडले गेलेले पहिले हिंदी गृहस्थ. १८६४ साली ते मुंबई इलाख्यात रुजू झाले आणि त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी त्यांच्याबरोबर निघाल्या. त्या काळी बंगाली कुलस्त्री घरात एकच वस्त्र गुंडाळीत असे. त्यानिशी घराबाहेर पडणे अशक्य. म्हणून एका फ्रेंच शिंप्याकडून ‘पौर्वात्य’ थाटाचा एक पोशाख शिवून घेण्यात आला. तो इतका अवघड होता की त्यांना तो आपला आपल्याला चढविता येईना. पुढे मुंबईत पारशी स्त्रियांची साडी त्यांनी पाहिली, आपल्या सोयीने तिच्यात फेरफार केले आणि ती नेसण त्या कलकत्त्यास घेऊन गेल्या. ब्राह्मसमाजातील स्त्रियांनी ती उचलली. आज भारतभर जी साडी नेसली जाते, तिच्या घडणीत एका अधिकाऱ्याच्या पत्नीचा असा मोठा वाटा आहे.

या कथेतील दोन पोशाखांकडे पाहावे. दोन्ही सभ्य, दोन्ही नेटके, दोन्ही चार लोकांत जाण्यासाठीच. पण एकात ती दुसऱ्याच्या हातची बाहुली होती. दुसऱ्यात तिचा हात तिच्या वस्त्रावर चालत होता. सौजन्याची खूण मला येथे सापडते. जे वस्त्र आपल्या हाताने नेसता येते आणि नेसल्यावर ज्यात आपले हातपाय आपलेच राहतात, ते कितीही देखणे असले तरी नटवे नव्हे. ज्यात ते आपले राहत नाहीत, ते कितीही साधे असले तरी बेडीच आहे.

नवे तेवढे मोकळे आणि जुने तेवढे जखडलेले, असेही या कसोटीवर ठरत नाही. कासोट्याची नऊवारी नेसून आपल्या स्त्रियांनी भातलावणी केली, घाट चढले. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या तेव्हा त्यांनी नऊवारी सोडून गुजराती पद्धतीची गोल साडी पत्करली, कारण उघड्या पोटऱ्या तेथे असभ्य गणल्या जात. त्यात विवेक होता. पण पुढे तीच गोल साडी सुधारणेची खूण ठरली आणि पाऊल मात्र आखूड झाले, याचा हिशेब आपण क्वचितच मांडला. आमच्या सुनेने निऱ्या घोट्याच्या वर घेतल्या तेव्हा तिने नकळत पणजीचे पाऊल परत मिळविले, असे मला वाटते.

आणि ते इरकल! जिला आपण अस्सल मराठी साडी म्हणून उराशी धरतो ती बागलकोट जिल्ह्यातील इळकलची, आणि चोळीचा खण त्याच जिल्ह्यातील गुळेदगुड्डचा. अंगाचा ताणा वेगळा, रेशमी पदराचा वेगळा. विणकर ते दोन्ही फासे घालून जोडतो व मग विणतो. आपण ज्या प्रांतात येऊन राहिलो त्याच प्रांताच्या हातांनी आपल्या आज्यांना नेसविले होते. असे वस्त्र डांबराच्या गोळ्यांत जपून ठेवणे हा त्याचा मान, की सोमवारी सकाळी सदऱ्यावर नेसून गर्दीत घेऊन जाणे हा? भगिनीची कळवळ खोटी नव्हती. जपलेली वस्तू झिजेल, ही भीती तिला होती. पण न झिजणाऱ्या वस्त्रावर विणकराचे पोट चालत नाही.

तरीही माझ्या मनाची पुरी सुटका झालेली नाही, आणि त्याचे कारण सून नसून मी आहे. नोकरीत असताना हाताखालच्या लोकांचे गोपनीय अहवाल मी वर्षानुवर्षे लिहिले. एका कर्तबगार बाईंच्या अहवालात, त्यांचे भलेच करतो आहोत या समजुतीने, ‘राहणी नीटनेटकी व प्रसन्न’ असे मी लिहिल्याचे मला स्पष्ट आठवते. चुरगळलेल्या सदऱ्यात येणाऱ्या एकाही पुरुषाच्या अहवालात त्याच्या राहणीविषयी मी अक्षर लिहिले नाही. त्या बाई रोज सकाळी जे सौजन्य आपखुशीने देत होत्या, त्याची मी कामाच्या हिशेबात वसुली केली. दानाची नोंद करवसुलीच्या वहीत व्हावी, तसे ते झाले.

नटवेपणा तेव्हा त्या बाईंच्या साडीत नव्हता. असलाच तर माझ्या लेखणीत होता. रांगोळी काढणाऱ्या हाताचे कौतुक जरूर करावे. पण ज्या दारी रांगोळी नाही तेथे आळस राहतो, असा निवाडा देण्याचा अधिकार वाटसरूला नाही. स्त्रीच्या देखण्या, नेटक्या वेषाकडे आपण वाटसरूच्या नात्याने पाहावे, परीक्षकाच्या नव्हे. एवढे पथ्य पाळले तर ‘कामाला की मिरवायला’ हा प्रश्न विचारण्याची वेळच येणार नाही.

त्या संध्याकाळी सून परतली तेव्हा इरकलीच्या काठाला चिखलाचे दोन शिंतोडे होते. भगिनीने ते आधी पाहिले. काही न बोलता तिने साडी हाती घेतली आणि काठ थंड पाण्यात कसा धुवावा, रंग न जाऊ देता कसा वाळवावा, हे तिला दाखवू लागली.