गोधडीचा एक चौकोन

गांवांतील प्रत्येकानें कापडाचा एकेक चौकोन भरावा आणि ते सर्व जोडून एक गोधडी शिवावी, अशी प्रथा उत्तर अमेरिकेंत जुनी आहे. अशा चौकोनांत आपल्या भूमीचा इतिहास आणावयाचा झाल्यास काय घ्यावें आणि काय टाकावें, हा प्रश्न वरवर सौंदर्याचा दिसतो. वस्तुतः तो नीतीचा आहे.

कॅनडांतील न्यूफाउंडलंड बेटाच्या उत्तर टोकावरचें लान्स-ओ-मेडोज हें गांव उदाहरणादाखल घेऊं. १९६० सालीं नॉर्वेचे हेल्गे इंगस्टाड तेथें आले, तेव्हां जॉर्ज डेकर या स्थानिक रहिवाशानें त्यांना गवतानें झांकलेले उंचवटे दाखविले. पुढें अ‍ॅन स्टीन इंगस्टाड यांच्या उत्खननांत आठ इमारतींचे अवशेष निघाले. तेथील लांकडें धातूच्या हत्यारांनीं १०२१ सालीं तोडलेलीं होतीं, हें २०२१ सालच्या संशोधनानें दाखविलें. कोलंबसापूर्वीं साडेचार शतकांहून अधिक काळ आधीं वायकिंग येथें राहून गेले, हा गांवाचा अभिमान निराधार नाहीं.

परंतु अभिमानाच्या हातीं सुई आली कीं ती प्रथम शिंगांचें शिरस्त्राण भरूं लागते. वायकिंगांनीं तसलें शिरस्त्राण घातल्याचा पुरावा नाहीं; वाग्नरच्या संगीतनाट्यांच्या १८७६ सालच्या प्रयोगांतील वेषभूषेनें तें लोकांच्या मनांत रुजविलें. गोधडी म्हणजे कांहीं इतिहासग्रंथ नव्हे, असें कोणी म्हणेल. खरें आहे, पण ग्रंथ कपाटांत राहतो आणि गोधडी मुलाच्या अंगावर असते. प्रश्न विचारण्याचें वय येण्यापूर्वींच मूल जें खरें मानूं लागतें, तें ग्रंथाला मागाहून सहसा पुसतां येत नाहीं.

मग तलवार भरावी काय? जुनी नॉर्स कथाच सांगते कीं, थोरवाल्डच्या माणसांना कातड्याच्या तीन होड्यांखालीं नऊ मूळ रहिवासी सांपडले, आणि त्यांपैकीं आठांना त्यांनीं ठार केलें. जो तलवार भरील त्यानें ते आठ जणही भरले पाहिजेत.

त्याच उत्खननांत चातीची एक लहानशी दगडी चकती मिळाली. तिच्यावर सूत कांतणारा हात बहुधा स्त्रीचा असावा. माझ्या मतें चौकोनांत ती चकती यावी; कारण ती खरी आहे, आणि गोधडी शिवणारीच्या कामाशीं तिचें नातें आहे. टीचभर कापडावर सर्व कांहीं मावत नाहीं, म्हणून निवड करावी लागते. पण कापड लहान म्हणून निवडीची जबाबदारी लहान होत नाहीं.