शेगडीत टाकलेली गुंडाळी

शास्त्रपाठ : यिर्मया ३६



नववा महिना, थंडीचे दिवस. यहोयाकीम राजा हिवाळ्याच्या महालात बसला आहे, पुढे शेगडी पेटलेली. सेवक गुंडाळी वाचीत आहे. तीनचार रकाने झाले की राजा लेखनिकाच्या सुरीने तेवढा भाग कापतो आणि विस्तवात टाकतो. असे करता करता सारी गुंडाळी संपते. त्याचा बाप योशीया याने मंदिरात सापडलेला ग्रंथ ऐकून आपली वस्त्रे फाडली होती. मुलाने वस्त्रे राखली व ग्रंथ फाडला.

राजा एवढा का चिडला? यिर्मयाला मंदिरात जाण्याची मनाई होती. पण त्याने सांगितलेले बारूखाने लिहून घेतले आणि उपासाच्या दिवशी, गावोगावचे लोक जमले असता, मंदिरात वाचले. माणसाला दाराशी अडविता येते. त्याचे लिहिलेले आत गेले होते. सरदारांनी बारूखाला विचारले, हे तू कसे लिहिलेस? तो म्हणाला, यिर्मया सांगत गेला, मी शाईने लिहीत गेलो. वर्तमानपत्रात लिहिणाऱ्यानेही एवढे सांगावे : कोणाकडून ऐकले. लूकही शुभवर्तमानाच्या आरंभी आपण सर्व काही मुळापासून शोधून पाहिल्याचे कळवितो. (संडे स्कूलमध्ये ही चार वचने आपण घाईने ओलांडतो.)

गोष्टीचेही तसेच. बेळगावात १८३१ साली जन्मलेल्या बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहिले. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता. पण कायद्याच्या कलमात विधवेचे रडणे ऐकू येत नाही. यमुना पतीबरोबर प्रवासाला निघते आणि वाटेत विधवांच्या हकीकती तिला कळत जातात. वाचणाराही तिच्याबरोबर त्या घरांत शिरतो.

आता आमची गोष्ट. काही वर्षांपूर्वी मंडळीचा वार्षिक अहवाल लिहिण्याचे काम आम्हाकडे आले. मंदिराची झाडलोट करणाऱ्या बाईंचा तीन महिन्यांचा पगार थकला होता. तसे वाक्य आम्ही लिहिले. बैठकीत कोणी म्हणाले, “हे बाहेरचे लोक वाचतील.” आम्ही आमच्याच पेनाने ते खोडले. शेगडी नव्हती, सुरी नव्हती, एक रेघ पुरली. यहोयाकीमापुढे निदान तीन सरदारांनी, महाराज, जाळू नका, अशी विनवणी केली होती. आमच्या बैठकीत कोणी बोलले नाही. अहवाल वाचला गेला तेव्हा बाई शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही, म्हणून त्या कान देऊन ऐकत होत्या.

देवाने यिर्मयाला दुसरी गुंडाळी घ्यायला सांगितली. जळालेले सर्व शब्द तीत पुन्हा आले आणि तसलेच आणखी पुष्कळ घातले गेले. पुढल्या अहवालात आम्ही ते वाक्य महिने व रक्कम घालून लिहिले. गेल्या वर्षी ते आम्हीच खोडले, हेही लिहिले. सभा संपल्यावर बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, “दादा, तेवढं परत एकदा वाचा.”