हाडातला श्वास

दिवाळी अंकाच्या रहस्यकथेसाठी मालवणच्या दांडी किनाऱ्यावर मी एक प्रेत आणून टाकलं आणि जयसिंग मोदींचं न्यायवैद्यकाचं पुस्तक उघडलं. बुडताना हृदय चालू असेल, तर पाण्यातले डायटम, डोळ्यांना न दिसणारी शेवाळं, फुफ्फुसांतून रक्तात आणि पार हाडांच्या मज्जेपर्यंत पोचू शकतात. शेवटच्या श्वासाची नोंद हाडात! प्राण गेला कसा, हे कळतं. कुठे गेला, हे विचारणं शास्त्राचं कामच नाही. आमच्याकडे दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत सगळे ताटकळतात. मला तोही साक्षीदार कमी वाटत नाही.

पण माझ्या मेलेल्याला मी नावच दिलं नव्हतं. ते पाप वाटलं. आधी त्याला आई दिली, होडी दिली. खुनी अजून सापडायचाय.