माशी सरकवावी की नेम?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आमच्या एका स्नेह्यांनी वीसेक वर्षांपूर्वी एक जुनी रशियन रायफल विकत घेतली. मोसिन-नागान तिचे नाव. ही जात 1891 साली झारच्या सैन्यात आली, 1930 साली तिच्यात सुधारणा झाल्या आणि दुसऱ्या महायुद्धात तुला व इझेव्हस्क येथील कारखान्यांतून ती लाखोंनी बाहेर पडली. युद्धानंतर डागडुजी झाली, घट्ट ग्रीस माखून ती पेट्यांत निजली आणि सोव्हिएत संघ मोडल्यावर अमेरिकी दुकानांत स्वस्तात मिळू लागली. आमचा बंदुकीशी संबंध सिनेमापुरता. तरीही या रायफलीची हकिकत ऐकल्यापासून एक प्रश्न आमची पाठ सोडीत नाही.

स्नेही नेमबाजीच्या मैदानावर गेले. पाच गोळ्या झाडल्या. पाचही जवळजवळ बसल्या, पण निशाणाच्या डावीकडे आणि वर. ते सांगत, सगळे मर्म या 'जवळजवळ' शब्दात आहे. गोळ्या चहूकडे विखुरल्या असतील तर माशीला हात लावायचा नाही. दोष श्वासाचा असेल, सैल स्क्रूचा असेल, नळीच्या झिजलेल्या तोंडाचा असेल. गोळ्या एकत्र राहून एकाच बाजूला जात असतील तरच माशी सरकवायची. आणि ती चुकीच्या दिशेनेच सरकवायची! गोळी डावीकडे जाते तर पुढची माशी डावीकडे, गोळी वर जाते तर माशी उंच. आम्हांला हे उलटेच वाटले होते. ती खाचेत घट्ट बसलेली असते, पितळेच्या दांडीने हळूच ठोकावी लागते. 1 मिलिमीटर सरकली तर 100 मीटरवर सुमारे 16 सेंटिमीटरचा फरक पडतो.

ठोकण्यापूर्वी स्नेह्यांनी भिंग लावून पाहिले, तर माशीच्या बैठकीवर आणि तिच्याखालच्या पट्टीवर छिन्नीची एक सलग रेघ होती. म्हणजे कोणा कारागिराने कधीकाळी गोळ्या झाडून, माशी जागेवर आणून, "इथेच" अशी खूण केली होती. मग चुकले कोण?

उत्तर संगिनीत होते. सोव्हिएत शिरस्त्याप्रमाणे ही रायफल संगीन लावूनच चालवायची, म्हणून नेमही संगिनीसकट जुळवला जाई. संगीन काढली की नळीचा थरथराट बदलतो आणि गोळी बाजूला जाते. कारागीर खरा होता, खूणही खरी होती. ज्या अवस्थेत ती खरी होती, ती अवस्था मात्र निघून गेली होती.

स्नेह्यांना ती रेघ मोडवेना. त्यांनी माशी तशीच ठेवली आणि उजवीकडे, थोडे खाली नेम धरायला शिकले. गोळी बरोबर लागे. यात खोटे काय? आम्हीही आधी असेच म्हणालो. ज्याला आपल्या हत्याराचा कल ठाऊक आहे, त्याने तो मनात धरून चालावे. पूर्वजांच्या खुणेचा अदबही राहतो.

पण एके दिवशी त्यांच्या मुलाने ती रायफल हाती घेतली. सांगायचे राहून गेले. मुलाने सरळ नेम धरला आणि प्रत्येक गोळी चुकली. तो म्हणाला, "माझी नजरच कच्ची आहे." पुन्हा मैदानावर यायला तयार होईना.

हे ऐकताना आम्हांला आमच्या घरातले भिंतीवरचे घड्याळ आठवले. दर जुम्म्याला चावी देताना अब्बा ते बरोबर दहा मिनिटे मागे लावीत, कारण दादाजान तसे लावीत. दादाजान का लावीत, ते कोणालाच ठाऊक नव्हते. घरात सगळे मनातल्या मनात दहा मिळवीत. मग नवी भाभी आली. तिच्या पहिल्या रमजानात तिने घड्याळ पाहिले, सहरीला अजून वेळ आहे म्हणून शेवटचा घास घेतला, आणि घास तोंडात असतानाच मशिदीतून फज्रची अजान झाली. रोजा कजा करावा लागला. भाभीने घड्याळाला दोष दिला नाही. "मीच नीट बघितलं नसेल," म्हणाली.

आम्ही तेव्हा गप्प बसलो, ते अजून खटकते. आमचा हिशेब चोख होता, पण तो आमच्या डोक्यात होता आणि घड्याळ सगळ्यांसमोर होते. वारशाने आलेली वस्तू अमानत असते म्हणतात. मग ती पुढच्याच्या हाती देताना आपल्या मनातले दहा मिनिटेही सोबत द्यायला नकोत का? की वस्तूच सरळ करून द्यावी? अब्बांचा जीव त्या जुन्या रिवाजात होता, हेही आम्ही विसरू शकत नाही.

स्नेह्यांनी अखेर दांडी उचलली. उंचीसाठी माशीवर वायरीच्या आवरणाचा बारीक तुकडा चढवला. कानस त्यांनी उगाच नाही टाळली. कानशीने माशी बुटकी होते आणि गोळी आणखी वर जाते, शिवाय घासलेले लोखंड परत येत नाही. जुन्या रेघेचे दोन तुकडे आता शेजारी शेजारी दिसतात. त्यांनी जवळ एक नवी रेघ मारली, जुनी खोडली नाही.

आमच्याकडे पुढच्या जुम्म्याला अब्बांनी कोणाला काही न सांगता काटे दहा मिनिटे पुढे केले. भाभीला कळवले, आम्हांला नाही. त्यानंतर कित्येक महिने आम्ही सगळे एस.टी. स्टँडवर दहा मिनिटे आधी जाऊन उभे राहात होतो.