व्याजाची मनाई आणि आगाऊ हिशेबाचे कर्तव्य

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बारावीचा निकाल लागून काही आठवडे झाले होते. जुम्याच्या नमाजनंतर फळांची गाडी लावणारे एक वयस्कर गृहस्थ मागे थांबले. त्यांच्या मुलीला बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळत होता. त्यांनी हलक्या आवाजात विचारले, "मौलाना, बँकेचं शैक्षणिक कर्ज घेतलं तर चालेल का?" मी तत्काळ उत्तर दिले, "चाचा, त्यात व्याज आहे. चालणार नाही." ते "जी" म्हणाले, सलाम करून निघून गेले. मुलीचा प्रवेश हुकला.

माझे उत्तर चुकीचे होते असे मला आजही वाटत नाही. परंतु ते अपुरे होते, ही जाणीव मला अजून सोडत नाही. त्याच वर्षी आमच्या मशिदीत नवी फरशी बसली. तिचे आवाहन मीच मिंबरवरून केले होते आणि वर्गणी तीन जुम्यांत जमली होती. तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे: जो 'नाही' म्हणतो, त्याचे कर्तव्य 'नाही' म्हणण्यापाशी संपते काय?

या प्रश्नासाठी सूरह बकराच्या अखेरच्या भागाकडे वळावे. आयत २७५ मध्ये अल्लाहने व्यापार वैध आणि व्याज निषिद्ध ठरविले. पण मनाई तेथे एकटी सोडलेली नाही. लगेच पुढच्या आयतीत सदक्याच्या वृद्धीचा उल्लेख आहे, आयत २८० मध्ये अडचणीतील ऋणकोला सवड देण्याची शिकवण आहे, आणि आयत २८२ मध्ये कर्जाचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवण्याचा आदेश आहे. ही कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत असून ती हिशेबाविषयी आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मनाई, दानशीलता, सवड आणि नोंद ही एकाच इमारतीची चार भिंती आहेत. आपण एक भिंत उभी करतो आणि तिला घर म्हणतो.

काही बांधव म्हणतात, उद्याची चिंता कशाला, रिझ्क देणारा अल्लाह आहे. हे सत्यच आहे. पण हजरत यूसुफ (अ.) यांच्याहून मोठा तवक्कुल कोणाचा असेल? त्यांनी सात सुकाळी वर्षांचे पीक खाण्यापुरते वगळून कणसांतच राखून ठेवण्यास सांगितले, कारण पुढे सात दुष्काळी वर्षे येणार होती. आपल्या पैगंबरांनीही (स.) उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू पाहणाऱ्याला आधी तो बांधण्यास सांगितले. अंदाज बांधणे हा अविश्वास नव्हे. हाती दिलेल्या अमानतीची ती राखण आहे.

मग हा अंदाज कसा बांधावा? शिक्षण शुल्क, वसतिगृह व जेवण, पुस्तके व साधने, प्रवास हे चार रकाने कागदावर मांडावेत आणि अभ्यासक्रमाच्या वर्षांनी गुणावेत. शुल्क दरवर्षी सात टक्के वाढले तर सुमारे दहा वर्षांत ते दुप्पट होते. म्हणून हा कागद दरवर्षी नव्याने लिहावा. मूल तीन वर्षांचे असल्यापासून दरमहा १,५०० रुपये बाजूला ठेवले, तर अठराव्या वर्षी व्याजाचा एक पैसाही न मिसळता २,७०,००० रुपये होतात. ५०० रुपयेच जमले तर ९०,००० होतात. उलट बाजूही पाहावी. चार वर्षे प्रत्येक वर्षाच्या आरंभी एक लाख याप्रमाणे दहा टक्के सरळ व्याजाने कर्ज उचलले आणि शिक्षण संपल्यानंतर एक वर्षाने परतफेड सुरू झाली, तर पहिला हप्ता भरण्यापूर्वीच १,४०,००० रुपये व्याज साचलेले असते.

आपल्या हक्काचे जे आहे, त्याचीही माहिती हवी. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्नाच्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन अशा आपल्या अनेक बिरादऱ्या इतर मागास प्रवर्गात येतात. परंतु जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला जून महिन्यात धावपळ करून मिळत नसतो. जातीचा दाखला दहावीतच काढून ठेवावा आणि उत्पन्नाचा दाखला प्रवेशाच्या वर्षी वेळेत घ्यावा.

एवढे करूनही तूट राहील. गाडीवरच्या कमाईतून ५०० रुपये काढणेही प्रत्येकाला साधत नाही. येथे जबाबदारी घराकडून जमातीकडे येते. बद्रच्या ज्या कैद्यांकडे मुक्तीची रक्कम नव्हती, त्यांना अन्सारांच्या मुलांना लेखन शिकविण्याच्या बदल्यात सोडण्यात आले, असा वृत्तांत आढळतो. मदीनेची ती वसाहत तेव्हा संपन्न नव्हती. तरीही मुलांच्या शिक्षणाची किंमत तिने आपल्या हक्काच्या रकमेतून मोजली.

प्रत्येक मशिदीला कर्ज-ए-हसनाचा एक शिक्षणनिधी उभारता येईल. हनफी फिक्हनुसार जकातीत गरजूला मालकी देणे आवश्यक असल्याने हा निधी ऐच्छिक देणग्यांतून उभारावा. जकातीस पात्र विद्यार्थ्याला जकात स्वतंत्रपणे द्यावी. प्रत्येक कर्ज साक्षीदारांसह लिहावे, परतफेड नोकरी लागल्यावर सुरू व्हावी, आणि परत आलेली रक्कम पुढच्या मुलाकडे जावी. वलीम्यातील एका पदार्थाची किंमतही येथे उपयोगी पडेल.

अनिवार्य गरजेच्या प्रसंगी सवलत आहे काय, याविषयी विद्वानांत चर्चा आहे. ज्याच्यावर वेळ आली आहे त्याने आपली स्थिती मुफ्तींसमोर मांडावी. मात्र आपल्याच निष्काळजीपणाने निर्माण झालेल्या गरजेचा जाब केवळ त्या बापाला विचारला जाईल, असे समजण्याचे धाडस मला होत नाही.

ते गृहस्थ आज पुन्हा आले, तर व्याजाविषयी माझे उत्तर तेच असेल. पण मी त्यांना उभ्याउभ्या निरोप देणार नाही. त्यांना शेजारी बसवीन, कागद घेईन, चार रकाने आखीन, आणि जी तूट उरेल ती पुढच्या जुम्याला मिंबरवरून, त्यांचे नाव न घेता, जमातीसमोर ठेवीन. त्यांची धाकटी मुलगी आता दहावीत आहे.

अल्लाह आम्हाला हराम ओळखण्याबरोबरच हलालची वाट बांधण्याचीही सद्बुद्धी देवो. आमीन.