पॅरिसाइटचे थर

निवांत बसा. खांदे सैल सोडा.

समोर एक स्फटिक आहे. पिवळसर तपकिरी. चातीसारखा मध्ये जाड, दोन्ही टोकांना निमुळता.

हा पॅरिसाइट. कोलंबियात मुझोला पाचूच्या खाणी आहेत, तिथला. माणसं हिरव्या पाचूसाठी काळा खडक फोडतात, आणि त्याच शिरांमध्ये हाही असतो.

त्याच्या अंगावर आडव्या खाचा आहेत. नजर वरून खाली येऊ द्या. खाच. कडा. पुन्हा खाच.

श्वास घ्या. सोडा.

आता आत जाऊ. खूप आत, अणूंपर्यंत.

पायाशी एक सपाट थर आहे, सिरियम आणि फ्लोरिनचा. सिरियम म्हणजे विरल मृत्तिकांमधलं एक मूलद्रव्य.

त्यावर कार्बोनेट. मध्ये एक कार्बन, भोवती तीन ऑक्सिजन. एक चपटा त्रिकोण.

कॅल्साइटमध्ये हे त्रिकोण थरात आडवे असतात. इथे ते उभे आहेत.

या उभ्या त्रिकोणापाशी थांबा. साऱ्या रचनेत मला हीच जागा सर्वांत प्रिय आहे. खालचा थरही त्याने धरलाय, वरचाही.

पाहत राहा.

वर पुन्हा सिरियम. पुन्हा त्रिकोण. आणि आता कॅल्शियमचा थर. त्यावर त्रिकोण. मग सिरियम.

मनातल्या मनात म्हणा. सिरियम, कार्बोनेट. सिरियम, कार्बोनेट, कॅल्शियम, कार्बोनेट.

कॅल्शियम कधीच आलं नाही, तर तो बास्टनेसाइट. दर वेळी आलं, तर सिंकिसाइट. एकाआड एक आलं, तर आपला पॅरिसाइट.

दोन सिरियम-थरांमध्ये नुसतं कार्बोनेट असेल, तर अंतर नॅनोमीटरच्या निम्म्याहून थोडं कमी. एका श्वासात किती थर ओलांडले, ते मोजू नका.

आणखी थोडं थांबा. ठेका ऐका.

कधी कधी तो एकाच स्फटिकात बदलतो. कॅल्शियम लागोपाठ दोनदा येतं. स्फटिक तुटत नाही. थर समांतरच राहतात.

1953 साली गॅब्रिएल डॉने आणि जे. डी. एच. डॉने या स्फटिकशास्त्रज्ञांना ग्रीनलंडमधल्या नार्सार्सुकच्या स्फटिकांत असाच एक नवा क्रम सापडला. दोनदा कॅल्शियमसह, एकदा कॅल्शियमविना. तो क्ष-किरणांनी दाखवला, म्हणून त्या खनिजाला या किरणांचा शोध लावणाऱ्या रोंटगेनचं नाव मिळालं: रोंटगेनाइट.

आता तोच क्रम धरा. सिरियम, कार्बोनेट, कॅल्शियम, कार्बोनेट. पुन्हा तेच. मग एकदा कॅल्शियमविना.

हवा तितका वेळ घ्या.