अपेक्षित उत्तर कोणाचे?

दुर्गदबैलच्या बाजारात तराजूवर आणि वजनांवर सरकारी मोहोर असते. साध्या तराजूची व वजनांची फेरतपासणी २४ महिन्यांतून एकदा व्हावी, असा वैधमापनाचा नियम आहे. मोहोर उमटली त्या दिवशी माप खरे होते, एवढेच ती सांगते. पुढे कोणी पारड्याखाली चिंचेची गोळी चिकटवली, तर मोहोर त्याविषयी मौन पाळते. तपासणी आणि सचोटी यांतले हे अंतर जुनेच आहे. आता ते आपल्या लेखनव्यवहारातही शिरले आहे.

घरातील जुनी टिपणे किंवा मंडळाचे अंक संगणकावर प्रसिद्ध करायचे, तर वर्डप्रेससारखी एखादी प्रकाशन-प्रणाली हाताशी असते. २००३ साली निघालेल्या या प्रणालीची आज्ञावली जगभरचे अनेक हात सतत बदलत असतात. एक दुरुस्ती करताना दुसरे काही मोडले नाही ना, हे पाहण्यासाठी स्वयंचलित चाचण्या असतात. प्रथम प्रणालीची कोरी प्रत उभारायची, तिला स्वतंत्र माहितीसाठा द्यायचा (चाचणी तो दर वेळी पुसून टाकते, म्हणून खऱ्या लेखांचा साठा तिच्या हाती कधीच देऊ नये), ठराविक मजकूर घालायचा आणि अपेक्षित उत्तर आधीच लिहून ठेवायचे. उत्तर जुळले की चाचणी उत्तीर्ण. प्रत्येक बदलानंतर यंत्र न कंटाळता हे करते. त्याला २४ महिने थांबावे लागत नाही.

परंतु अपेक्षित उत्तर यंत्राचे नसते. ते कोणा माणसाने, त्याला जे महत्त्वाचे वाटले त्यानुसार लिहिलेले असते. चाचणीने दोष असल्याचे कळते, नसल्याचे सिद्ध होत नाही, हे एड्स्गर डाइक्स्ट्रा यांनी १९६९ सालीच बजावले होते. मला त्याहून अस्वस्थ करते ती वेगळी गोष्ट. वर्डप्रेसमध्ये लेखाच्या पत्त्यातील मथळ्याला २०० जागांची मर्यादा आहे. रोमन अक्षराला एक जागा पुरते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, मग ते अक्षर असो की मात्रा, नऊ लागतात. म्हणजे आपल्या वाट्याला बावीस चिन्हे. ‘दुर्गदबैल’ या एका शब्दातच नऊ संपतात! मथळा पानावर पूर्ण दिसतो, पत्त्यात मात्र तुटतो; आणि चाचणी उत्तीर्णच होते, कारण मर्यादा पाळली गेली. पुष्कळ जण मग पत्ता रोमन लिपीत लिहून मोकळे होतात, आणि सोयीची सवय होते.

यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. तरीही दोष कोणाचा, हा प्रश्न उरतोच. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ पाहा. पहिल्या शब्दातील अर्धा र टंकताना कित्येकदा डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह मध्ये घातले जाते. सफाई करणाऱ्या एखाद्या आज्ञावलीने ते कचरा समजून गाळले, तर सह्याद्रीच्या दऱ्यांचा समुद्र होईल आणि आचाऱ्याचा आचार्य. मराठी न जाणणाऱ्याने ही चाचणी लिहिली नाही, तर ते अज्ञान क्षम्य आहे. ज्याला भेद ठाऊक आहे आणि जो सांगत नाही, त्याला तेवढी सूट देता येईल असे वाटत नाही. आणि तो जाणकार म्हणजे आपणच. पिढ्यान्‌पिढ्या कानडी मुलखात राहून मराठी जपली, असे आपण अभिमानाने सांगतो. जपण्यात हे कंटाळवाणे कामही आले.

सांगितल्यावर ऐकणाऱ्याचीही कसोटी लागते. चाचणी अनुत्तीर्ण झाली की दोन वाटा असतात: आज्ञावली सुधारणे, किंवा अपेक्षित उत्तरच बदलून टाकणे. दुसरी वाट क्षणाची आहे आणि निकाल दोन्हींचा सारखाच दिसतो. पारड्याखालची चिंच ती हीच.

वर्डप्रेसची आज्ञावली खुली आहे; चाचणी सुचवायला कोणालाही मज्जाव नाही. संगणकाची भाषा नातवंडाला येत असेल. शब्दांच्या जोड्या आणि त्यांचे खरे उत्तर आजोबांनी द्यावे. यादी करताना शेजारच्या कानडी घरातही विचारावे. ‘रँक’ हा शब्द कानडीत लिहिताना तेच अदृश्य चिन्ह लागते; ते गळाले की र अर्कावत्तू होऊन अक्षराच्या मागे जाऊन बसतो.